प्रारंभिक गर्भावस्थेतील स्वपरिचर्या आणि प्रसविकेचे साहाय्य

गर्भारपणाची सुरुवात सांगणारे मराठीतील शब्दप्रयोग मोठे सूचक आहेत. 'तिला दिवस गेले', 'ती दोन जिवांची आहे', 'तिची पाळी चुकली' असे स्त्रिया परस्परांत, बहुधा हलक्या आवाजात, बोलतात. पहिल्या प्रयोगात कालगणना आहे, दुसऱ्यात जबाबदारी आहे आणि तिसऱ्यात केवळ एका अनुपस्थितीची नोंद आहे. या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. ही वार्ता प्रथम एकट्या स्त्रीलाच कळते, आणि ती केव्हा व कोणास सांगावयाची याचे संकेत समाजाने ठरवून ठेवलेले असतात. 'तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर बोलू नये' हा संकेत महाराष्ट्रातील बहुतेक जातिसमूहांत कमीअधिक प्रमाणात आढळतो. काही घरांत तिसऱ्या महिन्याच्या सुमारास चोरओटी भरण्याची अथवा चोरचोळी करण्याची चाल आहे. नावातील 'चोर' हा शब्दच सांगतो की हा आनंद अद्याप घराच्या उंबरठ्याच्या आत राखावयाचा आहे. उघड कौतुक, म्हणजे डोहाळजेवण, त्यानंतर कित्येक आठवड्यांनी होते.

या मौनामागे केवळ दृष्ट लागण्याची भीती आहे असे समजणे योग्य होणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ टिकेलच अशी खात्री नसते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्याच्या मुळाशी आहे, आणि तो अनुभव खरा आहे. परंतु हे मौन पाळले जाते नेमक्या त्याच काळात, जेव्हा गर्भाच्या शरीराची घडण होत असते. प्रारंभिक गर्भावस्थेतील परिचर्येचा सारा प्रश्न या एका विसंगतीत सामावलेला आहे.

गर्भशास्त्राने निश्चित केलेला कालक्रम पाहिला म्हणजे ही विसंगती किती तीव्र आहे याची कल्पना येते. गर्भावस्थेचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजण्याची रीत आहे. प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस व चौथ्याच्या आरंभी हृदयाचे स्पंदन सुरू होते. ज्या नलिकेपासून पुढे मेंदू व मज्जारज्जू तयार होतात ती मज्जानलिका गर्भधारणेपासून सुमारे २८ व्या दिवसापर्यंत मिटते. हा दिवस पाळी चुकल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांवर येतो. हातपाय, डोळे, कान, टाळू यांची मूळ रचना गर्भधारणेनंतरच्या आठव्या आठवड्याअखेर, म्हणजे प्रचलित गणनेने दहाव्या आठवड्यापर्यंत, बहुतांशी पूर्ण झालेली असते. त्यानंतर होते ती मुख्यतः वाढ. बाराव्या आठवड्यात नाव नोंदविणारी स्त्री सरकारी दप्तरात 'वेळेवर आलेली' ठरते. गर्भाच्या दृष्टीने मात्र पाया घालून झालेला असतो आणि भिंती उभ्या राहिलेल्या असतात.

प्राचीन भारतीय वैद्यकाने या काळाकडे दुर्लक्ष केले नव्हते. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानांत गर्भिणीचा आहार महिन्यागणिक सांगितला असून पहिल्या तीन महिन्यांत दूध आणि मधुर, शीत व द्रव आहार यांवर भर आहे. ज्या स्त्रीला मळमळीमुळे घन अन्न पाहवत नाही तिच्या बाबतीत ही योजना आजही समंजस वाटते. 'डोहाळे' या शब्दामागील कल्पनाही तेथेच आहे. गर्भाचे हृदय व्यक्त झाले की स्त्री दोन हृदयांची होते आणि तिच्या इच्छांत गर्भाची इच्छा मिसळते, असे हे वैद्य मानीत. चरक ही अवस्था तिसऱ्या महिन्यात घालतो, सुश्रुत चौथ्या. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयास सादर केलेला प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच होता. स्वतःचे पहिले अपत्य अवघ्या काही दिवसांत गमावलेल्या स्त्रीने तो विषय निवडावा, हे सहज लक्षात राहण्यासारखे आहे.

मात्र ग्रंथांतील परिचर्या आणि गावातील परिचर्या यांत अंतर होते. गावात हे काम सुईणीकडे असे, आणि सुईणीला बोलावणे जाई ते कळा सुरू झाल्यावर. मधल्या महिन्यांत पोट चोळणे, गर्भाची बैठक पाहणे यांसाठी ती क्वचित येई; परंतु पहिल्या तीन महिन्यांशी तिचा संबंध जवळजवळ नसेच. इंग्रजी अमदानीत सुईणींच्या शिक्षणाचे जे प्रयत्न झाले त्यांतही हीच दृष्टी कायम राहिली. १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधीचा उद्देश सुईणींना प्रशिक्षित करणे हा होता, आणि त्या प्रशिक्षणाचा भर साहजिकच हातांची स्वच्छता, नाळ कापण्याची रीत आणि बाळंतिणीच्या खोलीची व्यवस्था यांवर होता. त्यात दोष काढण्याजोगे काही नाही. बाळंतरोगाने व धनुर्वाताने माणसे मरत होती आणि ती बाळंतपणाच्या वेळी मरत होती.

किंबहुना हा उशीर केवळ आपल्याकडचा नव्हे. गर्भावस्थेतच स्त्रीची देखरेख व्हावी असा आग्रह एडिंबरोच्या बॅलंटाइन यांनी १९०१ साली धरला, तोवर पाश्चात्त्य वैद्यकही बाळंतपणापाशीच थांबले होते. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने १९२९ मध्ये तपासण्यांचे जे वेळापत्रक घालून दिले त्यात पहिली तपासणी १६ व्या आठवड्यात होती. त्यानंतर अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास व शेवटी दर आठवड्यास स्त्रीला बोलावले जाई. हा साचा जगभर पसरला आणि दीर्घकाळ टिकला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली किमान आठ भेटींची शिफारस केली व त्यांतील पहिली बारा आठवड्यांच्या आत असावी असे म्हटले. भारतातील कार्यक्रमात किमान चार तपासण्या अभिप्रेत असून पहिलीची मर्यादा तीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या मातांचे प्रमाण देशभरात ७०.० टक्के आढळले. चौथ्या फेरीत ते ५८.६ टक्के होते. प्रगती लक्षणीय आहे. उरलेल्या तीस टक्के स्त्रिया कोण, हा प्रश्न पुढे येईलच.

या प्रारंभिक काळात आहारातील एखाद्या सूक्ष्म घटकाचे महत्त्व किती असू शकते, याचा शोध मुंबईशी निगडित आहे. लूसी विल्स या इंग्रज संशोधिका १९२८ साली मुंबईस आल्या. मार्गारेट बाल्फर यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या मातामृत्यूंच्या चौकशीत, गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गर्भारपणी होणाऱ्या एका गंभीर रक्तक्षयाचे कारण शोधणे हे त्यांचे काम होते. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, परंतु आकाराने मोठ्या होत. जंतुसंसर्गाचा संशय प्रथम घेतला गेला. तो टिकला नाही. या स्त्रियांचा आहार तपासला असता त्यात भाज्या, फळे व दूध अत्यल्प असल्याचे दिसले. पुढे त्याच आहारावर ठेवलेल्या उंदरांवर व माकडांवर प्रयोग झाले, आणि यीस्टच्या अर्काने रोग हटतो हे सिद्ध झाले. हा अर्क म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात तो मार्माइट. १९३१ साली विल्स यांनी रुग्ण स्त्रियांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कातील गुणकारी द्रव्य दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले.

विल्स यांच्यापुढे प्रश्न होता मातेच्या रक्ताचा. गर्भाच्या घडणीशी या द्रव्याचा संबंध निर्विवाद ठरण्यास आणखी साठ वर्षे लागली. ज्या स्त्रियांच्या आधीच्या अपत्यात मज्जानलिकेचा दोष होता अशांवर सात देशांतील ३३ केंद्रांत झालेल्या, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश परीक्षणात, फॉलिक ॲसिड घेतल्याने दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली. आज सर्वसाधारण स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे, ते शक्य तर गर्भधारणेच्या आधी एक महिना सुरू करून पहिले बारा आठवडे चालू ठेवावे, असा सल्ला दिला जातो. आधी असा दोष उद्भवला असेल तर मात्रा दहापट असते व ती वैद्यानेच ठरवावयाची असते. लोहाची गोळी भारतीय कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून, ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड अशा स्वरूपात, रोज एक याप्रमाणे १८० दिवस दिली जाते. आधीच मळमळणाऱ्या स्त्रीला लोह सोसत नाही, हाही व्यावहारिक विचार या क्रमामागे आहे. मात्र २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता २६ टक्केच भरल्या आणि ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. गोळी हाती पडणे आणि गोळी पोटात जाणे यांमध्ये पुष्कळ काही घडते.

आहाराच्या बाबतीत पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९० नंतरच्या दशकात झालेल्या माता-पोषण अभ्यासाकडे मराठी वाचकाचे विशेष लक्ष गेले पाहिजे. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा खात त्यांची अर्भके जन्मतः अधिक भरलेली होती. केवळ उष्मांकांशी हा संबंध तितका जुळत नव्हता. म्हणजे प्रश्न किती खाल्ले याइतकाच काय खाल्ले याचाही आहे. याच अभ्यासात निम्म्याहून अधिक मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आढळली, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मातांच्या रक्तात फॉलिक ॲसिड भरपूर पण ब-१२ कमी होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. शाकाहारी घरांत दूध, दही, ताक यांना ताटात जागा असणे किती अगत्याचे आहे हे यावरून कळावे. गोळीने सर्व साधते असे मानणाऱ्यांनी या निष्कर्षापाशी थोडे थांबणे बरे.

आता प्रसविकेकडे वळावयाचे. खेड्यातील उपकेंद्रावर काम करणारी सहायक परिचारिका-प्रसविका, जिला महाराष्ट्रात आरोग्यसेविका म्हणतात, ती मैदानी प्रदेशात साधारण पाच हजार व डोंगरी अथवा आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीसाठी असते. गावात तिचे डोळे व कान म्हणजे आशा कार्यकर्ती. पाळी चुकलेल्या स्त्रीची लघवी तपासण्याचे साधन तिच्याजवळ असते. पहिल्या भेटीत प्रसविका शेवटच्या पाळीची तारीख विचारते. तारीख आठवत नसली तरी पोळा, घटस्थापना किंवा एखाद्या घरचे लग्न आठवते, आणि अनुभवी प्रसविका त्यावरून दिनांक काढते. त्यात नऊ महिने व सात दिवस मिळविले की बाळंतपणाचा अंदाज येतो. पाळी १० जूनला आली असेल तर १७ मार्च. नंतर वजन, रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन, लघवीतील प्रथिन व साखर, रक्तगट, उपदंश, एचआयव्ही व कावीळ-ब यांच्या चाचण्या, ग्लुकोज देऊन केलेली रक्तशर्करेची तपासणी आणि धनुर्वात-घटसर्पाची लस हा क्रम असतो. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले तर रक्तक्षय आणि ७ च्या खाली गेले तर तो गंभीर, ही मर्यादा लक्षात ठेवण्याजोगी आहे.

परंतु चाचण्यांची ही यादी म्हणजे प्रसविकेची देखरेख नव्हे. त्या प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यासही करता येतील. प्रसविकेचे खरे काम विचारण्याचे आहे, आणि काही प्रश्न असे असतात की ते स्त्रीने स्त्रीस, सासूच्या माघारी, विचारावे लागतात. मिश्री लावतेस का, हा त्यांपैकी एक. भाजलेल्या तंबाखूची ही पूड ग्रामीण महाराष्ट्रातील कित्येक स्त्रिया दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून अनेकदा हिरड्यांवर चोळतात आणि तिला व्यसन मानीत नाहीत. मुंबईत झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, गर्भारपणी धूररहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या अर्भकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. 'तंबाखू खातेस का' असे विचारले तर उत्तर 'नाही' येते; 'मिश्री' म्हटले की खरे उत्तर येते. दुसरा प्रश्न औषधांचा. १९५७ साली बाजारात आलेले व १९६१ च्या अखेरीस मागे घेतलेले थॅलिडोमाइड हे मळमळीवर दिले जात असे आणि त्याने हातपाय नसलेली मुले जन्मास आली. घातक काळ पाळी चुकण्याच्या आगेमागेच सुरू होत होता. म्हणून ओळखीच्या दुकानातून आणलेली कोणतीही गोळी, मग ती मुरुमांची असो वा अंगदुखीची, दाखवावी असे सांगितले जाते. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अपस्माराचे किंवा कंठग्रंथीचे औषध भीतीने आपण होऊन बंद करणे हे औषधाइतकेच धोक्याचे ठरू शकते. ते बदलावयाचे असल्यास वैद्याने बदलावे.

मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, नवव्याच्या आसपास तीव्र होते आणि बहुतेकींची तिसऱ्या ते चौथ्या महिन्यात ओसरते. थोडे थोडे, वारंवार, कोरडे खाणे. सकाळी उठण्यापूर्वी भाजलेल्या लाह्या किंवा भाकरीचा कडक पापुद्रा तोंडात टाकणे. फोडणीच्या वासापासून दूर राहणे. आल्याचा तुकडा चघळणे, हे उपाय जुन्या बायका सांगत आल्या आहेत आणि त्यांत काही वावगे नाही. पाणीसुद्धा टिकेनासे झाले, लघवी कमी झाली, वजन उतरू लागले तर ती गोष्ट डोहाळ्यांच्या कक्षेबाहेर जाते व रुग्णालयाची गरज लागते. 'कडक डोहाळे' हा कौतुकाचा शब्द अशा वेळी घात करतो.

पथ्यांविषयी अधिक सावधपणे बोलले पाहिजे. पपई, तीळ, गूळ, बाजरी यांना 'उष्ण' ठरवून वर्ज्य करण्याची रीत सर्वपरिचित आहे. उंदरांच्या गर्भाशयावरील प्रयोगात कच्च्या पपईच्या चिकाने आकुंचन झाले, पिकलेल्या पपईच्या रसाने झाले नाही. तेव्हा कच्ची पपई टाळण्यात शहाणपण आहे, पिकलेल्या फळाच्या एका फोडीने गर्भ पडेल ही भीती निराधार आहे. एखादे फळ वर्ज्य झाल्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते एकामागून एक वर्ज्य होत ताटात भात आणि पातळ आमटी तेवढी उरते तेव्हा. चतुर प्रसविका पपईसाठी भांडत बसत नाही. ती चाकवताची, मेथीची जुडी सुचविते आणि ताकाचा पेला मिळवून देते.

पहिल्या तिमाहीतील सर्वांत अवघड प्रसंग रक्तस्रावाचा. थोडा डाग दिसलेल्या बहुतेक गर्भावस्था पुढे सुरळीत जातात. तथापि पोटात एका बाजूस तीव्र कळ, खांद्यात दुखणे, घेरी येऊन पडणे ही चिन्हे गर्भ नलिकेत अडकल्याची असू शकतात. तेथे एक तासही मोलाचा असतो. ज्ञात गर्भावस्थांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के आपोआप संपतात, आणि पहिल्या तिमाहीतील अशा घटनांत निम्म्याच्या आसपास गर्भांच्या गुणसूत्रांतच दोष असतो. अमकीने घागर उचलली, ती जिन्यावरून भराभर उतरली, ग्रहणात भाजी चिरली, असे जे हिशेब त्यानंतर घरात मांडले जातात त्यांना या वस्तुस्थितीत आधार नाही. जिने आपले गर्भारपण कोणालाच सांगितले नव्हते तिला ते गमावल्याचे दुःखही कोणाला सांगता येत नाही. तीन महिन्यांच्या मौनाची ही किंमत फारशी मोजली गेलेली नाही. प्रसविकेला आधीपासून ठाऊक असेल तर निदान एक व्यक्ती अशी असते की जी 'तुझा दोष नाही' हे अधिकाराने म्हणू शकते.

आता त्या तीस टक्क्यांकडे. सर्वेक्षणाचा आकडा त्यांची नावे सांगत नाही. परंतु एक वर्ग महाराष्ट्रात डोळ्यांसमोर आहे. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी निघणारी कुटुंबे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात फडाशेजारी खोपी करून राहतात. मार्गशीर्षात जिची पाळी चुकली तिचे बारा आठवडे फडातच संपतात. गावच्या उपकेंद्राच्या वहीत ती गैरहजर असते, फडाजवळच्या उपकेंद्राच्या हद्दीत ती परकी असते. पहाटेपूर्वी तोडणी, नंतर मोळी डोक्यावरून गाडीपर्यंत. एक दिवस न गेल्यास खाडा पडतो आणि तो उचलीतून कापला जातो. अशा स्त्रीस 'विश्रांती घे, ओझे उचलू नकोस' असा सल्ला देणे म्हणजे तिला शक्य नसलेल्या गोष्टीची यादी देणे होय. स्वपरिचर्या हा शब्दच येथे तोकडा पडतो. तिला देता येण्याजोगी गोष्ट लहान असते: गावातून निघण्यापूर्वीच दिलेली फॉलिक ॲसिडची पाने, माता व बाल संरक्षण कार्ड, आणि 'पाळी चुकली की फोन कर' असे सांगणाऱ्या सेविकेचा क्रमांक.

येथे प्रसविकेच्या कार्याचा कालविषयक मुद्दा स्पष्ट होतो. मज्जानलिका मिटण्यापूर्वी उपयोगी पडावयाचे तर ओळख गर्भधारणेच्या आधीची हवी; आणि अशी ओळख बहुधा मागील बाळंतपणाचीच असते. तेच माणूस गर्भारपणी, प्रसूतीच्या वेळी व नंतरही बरोबर असावे या पद्धतीस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली, जेथे प्रसविकाव्यवस्था सक्षम आहे तेथील स्त्रियांसाठी, मान्यता दिली. भारत सरकारने २०१८ मध्ये प्रसविका-सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करून परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे प्रसविका-शिक्षण योजिले. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालापासून ग्रामीण मातृसेवेचा विचार चालू असला तरी स्वतंत्र प्रसविका-संवर्गाची ही कल्पना नवी आहे. मात्र नव्या प्रसविकांचा मुख्य उपयोग रुग्णालयांतील प्रसूतिगृहांत व्हावयाचा आहे. पहिल्या बारा आठवड्यांची वही अद्याप उपकेंद्रातील त्याच आरोग्यसेविकेकडे आहे, जिच्याकडे लसीकरण, कुटुंबनियोजन, साथींची पाहणी आणि दर महिन्याचे अहवालही आहेत. धाकट्या मुलाला गोवराची लस टोचताना ती त्याच्या आईला 'पुन्हा दिवस गेले तर पहिल्या महिन्यातच मला सांग' असे म्हणते की नाही, हे कोणत्याही अहवालाच्या रकान्यात भरले जात नाही.